भागूबाई कुनाला रडली

नाय दादा, मी तिला उठवनार नाय, तुमी किती पन गोड बोला. भागूबाई दुपारची आडवी झाली की झाली — माजी सासू हाय ती, मला नाय का ठाऊक? — रातीला डोळ्याला डोळा लागत नाय तिचा, ती सगळी भरपाई ती दुपारी करते, आनि मधी कुनी उठवलं तर संध्याकाळपर्यंत घरातल्या भांड्यांचं काय खरं नाय. तवर तुमचं काय ते मला सांगा. सांगितलंत म्हना — तो जुना पिक्चर धुऊनपुसून परत लावताय, कर्जतच्या हॉलमध्ये, आवाज पन साफ केलाय, आनि म्हातारीनं तिथं स्टेजवर यायचं, शाल घ्यायची, नारळ घ्यायचा, आनि जमलंच तर दोन मिनिटं तसं रडून दाखवायचं. तसंच बोललात ना? मी माज्या पदरचं काय घातलं नाय. बसा, त्या खुर्चीवर बसा, पाटावर नको, पीठ सांडलंय तिथं. मी भाकऱ्या थापता थापता बोलते, राग मानू नका, कुंभिवलीच्या कंपनीतल्या दुसऱ्या पाळीचे डबे जायचेत, आनि भूक काय शाल-श्रीफळासाठी थांबत नाय.

बघितला की तुमचा व्हिडिओ. आरोहीनं दाखवला — माजी मुलगी, कर्जतला कॉलेजात जाते, तिला तुमचं लई कौतुक, आई बघ गं, जुने पिक्चर कसे उलगडून सांगतात. पूर्ण बघितला, ओटा पुसता पुसता. बोलता चांगलं तुमी. अर्धं मला कळलं नाय, पन जे कळलं नाय ते पन बरं वाटलं, कीर्तनात वाटतं तसं. फक्त ती कोंबडी — रडनाऱ्या बायकांच्या मधनं एक कोंबडी चालत जाते, तिथं तुमी केवढे थांबलात, मरनाच्या शेजारनं जगनं कसं निवांत चालत जातं बघा म्हने. अवो, ती कोंडीची कोंबडी. कोंडी म्हंजे वरच्या ठाकरवाडीतली, रानभाजी घेऊन यायची, तवापासनं माजी मैत्रीन. शूटिंगवाल्यांचा मानूस त्या कोंबडीला हाकलून हाकलून घामाघूम झाला, मंग मोठे साहेब, म्हंजे डायरेक्टर, बोलले, राहू दे तिला. पन असू दे, तुमी बोलता ते काय खोटं नाय. कोंडीला मी सांगितलं, तुज्या कोंबडीवर लोकं भाषन करतात, तर ती बोलली, एवढी शहानी होती तर कापायच्या आधी सांगायचं ना.

मला इचाराल तर मला तसले पिक्चर आवडतच नाय. रागावू नका. मला आपले ते आवडतात, मानसं हरवतात, वाटा फुटतात, आनि शेवटाला सगळी एका ठिकानी गोळा होतात, मंग ती एक मारामारी होते आनि घर परत भरतं. देवळापुढं पडदा लावायचे ना आमच्याकडं पूजेला, तसले. त्यात पन एक गोष्ट मला पटत नाय, सांगू? घर सोडून जानारा मानूस. पिक्चरमध्ये तो जातो म्हंजे केवढा सोहळा — वारा सुटतो, दिवा विझतो, आई चौकट धरून उभी, बायको मागनं धावते, तिचा पदर कशाला तरी अडकतो, आनि मागं गानं. आनि मंग आई वर्षानुवर्षं त्याच चौकटीत. का गं बाई, तुला शेनपानी नाय, चूल नाय? रडून रडून आंधळी होते ती. आमची म्हातारी बघा, आजपन तांदळातला खडा लांबनं वेचते. आनि जानारा? खऱ्यात जानारा मानूस हेल्मेट घालतो, संध्याकाळी येतो बोलतो, आनि जातो. भांडन नाय, वारा नाय, काय नाय. त्याच्यावर कोन पिक्चर काढनार? — असो. चहा ठेवू का? नको? बरं.

रडायचं कसं झालं ते सांगते, म्हंजे तुमालाच कळेल म्हातारी स्टेजवर का येनार नाय. गोष्ट तुमाला पाठच हाय — घाटात बोगदा खोदायला गेलेला मानूस दरडीखाली जातो, त्याचं मढं घरी आनतात, बायको म्हंजे ती मुंबईची हिरोईन, आनि मेलेल्याचं नाव महादू. त्यांना आमचं अंगन आवडलं, पाठी डोंगर दिसतो म्हनून. आरोही तवा बालवाडीत जायची. चादरीखाली गवताचा बाहुला ठेवला, आनि गावातल्या आमी बायका भोवती बसलो, साड्या ज्याच्या त्याच्या, जुन्या नेसून या बोलले होते. आनि साहेब बोलले, रडा. आता रडा म्हटल्यावर कोन रडतं हो? एकीला हसू फुटलं, तिच्या मागनं सगळ्यांना. मंग त्यांनी डोळ्यात घालायचं औषध आनलं. पानी आलं डोळ्यातनं, पन रडनं काय येईना. तवा आमची भागूबाई उठून उभी राहिली आनि साहेबांना इचारलं, कुनाला रडायचं? ते बोलले, महादूला. ती बोलली, कोन महादू? कुनाचा कोन? काय आवडायचं त्याला खायला?

साहेबांना वाटलं म्हातारी चेष्टा करते. चेष्टा नव्हती. आमच्यात रडनं म्हंजे नुसतं हू हू नाय दादा, नाव घेऊन रडायचं असतं. त्याला हाक मारायची, तू इथं बसायचास, तुला हे आवडायचं, तू कुनाच्या भरोशावर कुनाला टाकलंस, असं सगळं हेल काढून सांगायचं, आनि ज्याला ते येतं तिला लांब लांबनं बोलावनं यायचं. भागूबाईला यायचं. नाव घेतल्याशिवाय रडायला आमी काय कोल्ह्या हाय का, ती बोलली. आनि दुसरं, जित्या घरच्या अंगनात उगाच खोटं रडनं उठवलं तर बरं नसतं, ते कुनाला तरी ओढून नेतं. बायका तर उठायलाच लागल्या. मंग म्हातारीनंच तोड काढली — जिनं तिनं आपलं मेलेलं मानूस घ्या. ते गेलंच हाय, त्याला परत रडल्यानं काय बिघडत नाय, उलट बरंच वाटेल त्याला, आठवन काढली म्हनून. पटलं सगळ्यांना. कोंडीनं तिचा भाऊ घेतला. मी माजी आई घेतली. भागूबाई काय, सासरे जाऊन तिला बरीच वर्षं झाली होती, भिवाजी त्यांचं नाव, ती त्यांना घेनार हे सगळ्यांनी धरूनच चाललं होतं.

झालं सुरू. खरंच सुरू झालं, कोंडी तर अशी रडली की त्या कॅमेऱ्यावरच्या मानसानं नाक पुसलं, मलाच तेवढं रडू येईना. आनि मधी भागूबाईचा आवाज चढला. ‘हरेशा रं, माज्या लेका रं, भरल्या घरातनं उठलास रं, लेकरानं बापाला कुठं बघावं रं —’

हरेश कोन? तेच तर इचारायला आलाय ना तुमी? सासऱ्यांचं नाव नाय, महादू पन नाय, मंग हा हरेश कोन? तिचा मुलगा. माजा नवरा. जिता हाय. तवा पन जिता होता, आता पन जिता हाय, शेलूला असतो. नाव घेतेय बघा मी सरळ, आधी घेत नव्हते.

आता परत आठवा तुमी काय बोललात व्हिडिओत. एक एक बाई गप होत जाते, एकीमागनं एक, जसे दिवे मालवावेत, आनि शेवटी एकटी म्हातारी रडत राहते, वा काय डायरेक्शन. अवो, कसलं डायरेक्शन! बायका घाबरल्या. जित्या मानसाचं नाव घेतलं हिनं! कोंडीचा पदर तोंडात तसाच राहिला. आनि मंग तुमी ती कडेची बाई दाखवली, लाल बान काढून. रडत नाय, मान वळवून म्हातारीकडं बघते, हात गळ्याशी. ह्या चेहऱ्यात हजारो वर्षांचं दुःख हाय बोललात. हजारो कुठनं, मला तिशी पन लागली नव्हती. हो, मीच ती. ओळखलं नाय ना? पीठ लागलंय तोंडाला, आनि अंगानं पन भरले आता. हुंदका आवरते बोललात तुमी. हुंदका नाय दादा, मंगळसूत्र चाचपत होते. असं वाटलं, आता कुनीतरी उठेल आनि तोडेल.

पन एक तुमी बरोबर धरलंत, ते मी मानते. तुमी बोललात, इथं म्हातारी नाटक करत नाय, आनि साहेबांना पन ते कळलंय, म्हनून ते थांबा बोलत नाय, कॅमेरा तसाच ठेवलाय, जरा जास्तच ठेवलाय. ते खरं. कुनी तिला थांबवलंच नाय. थकली तवा थांबली आपली आपन. मंग उठली, आनि सरळ न्हानीत जाऊन डोक्यावरनं पानी घेतलं, मयतावरनं आल्यावर घेतात तसं. मी दाराबाहेर उभी. मी बोलले, आत्या, हे काय केलंत? ती बोलली, माज्या तोंडात दुसरं नाव आलंच नाय गं.

कसा गेला? सांगितलं ना, हेल्मेट घालून. शेलूला नव्या बिल्डिंगी उठत होत्या, तिथं खिडक्या बसवायचं काम धरलेलं त्यानं, आलुमिनियमच्या. रोज जायचा, रोज यायचा. मंग एकाआड एक यायला लागला, काम लई हाय, उशीर होतो. मंग सनाला. मंग कळलं, तिथंच कुना बाईसोबत घर केलंय, खिडक्या त्यानंच बसवलेल्या बिल्डिंगीत. मारलं नाय, शिवी दिली नाय, जातो पन बोलला नाय. मी शेजारनीला सांगायची, काम लई असतं त्यांना. म्हातारी पन तेच सांगायची. दोघी एकमेकींना पन तेच सांगायचो — आनि मंग त्या दिवशी, सगळ्या गावापुढं, कॅमेऱ्यापुढं, तिनं त्याला रडून टाकलं. एका परीनं बरंच झालं. खोटं बोलायचा त्रास संपला.

पन गाव कसं असतं तुमाला काय सांगू. कुनी काय बोललं नाय. तोंडावर तर उलट चांगलंच बोलायचे, जित्याच्या मरनाची आवई उठली की आयुष्य वाढतं गं, तुज्या नवऱ्याला शंभर वर्षं. पन पुढच्या लग्नात हळद दळायला सवाष्णी बसल्या तवा मला बोलले, तू पुऱ्या बघ ना, तुजा हात चांगला. त्याच्या पुढच्या लग्नात पन पुऱ्या. हळदीकुंकवाला आधी उशिरा बोलावनं यायचं, मंग यायचंच बंद झालं. कोन माजं कुंकू पुसायला आलं नाय, आनि लावायला पन नाय. आई नाव घेऊन रडली म्हंजे रडली — पिक्चरसाठी होतं हे सगळ्यांना ठाऊक, तरी मनात बसलं ते बसलं. आनि तो मेला असता तर माहेरच्यांनी तरी येऊन चार दिवस नेलं असतं मला. मी ना अशी ना तशी. एवढी वर्षं पुऱ्या तळतेय दादा.

म्हातारीला हे उमजलं, पन उशिरा. तवापासनं तिच्या जिवाला घोर. गुरवाकडं गेली, वाडीतल्या जान्त्या भगताकडं गेली, जित्याला रडलं तर उतारा काय? कुनी सांगितलं, तो परत येईल तवा त्याला नवा जन्मला असं समजायचं, उंबऱ्यावर पानी ओतायचं, मांडीवर घ्यायचं आनि बारसं करायचं, नाव परत ठेवायचं. एवढ्या बाप्या मानसाचं बारसं! पाळना कुठनं आननार, असं मी इचारलं तर रागावली. पन मनापासनं बोलते ती. तो आला, बारसं केलं, की माजं रडनं फिटलं, आनि तुजं कुंकू परत उजळ झालं, असं तिला वाटतं. रातीची जागी असते ती त्याचसाठी, गाडीचा आवाज आला की उठून बसते. आता हातपाय चालेनात, श्वास लागतो, डॉक्टर बोलले जपा. तिला एकदा बघायचंय त्याला, बस. आनि त्याला आपल्या तोंडानं सांगायचंय, की बाबा मी तुला मारलं नाय.

मला? मला काय वाटतं ते कोन इचारतंय. आईला बारसं हाय, बायकोला काय हाय? आधी वाटायचं, यावा. मंग वाटायचं, यावा आनि सगळ्यांच्या देखत मी त्याला परत घालवावा. पिक्चरमध्ये घालवतात तसं, दार धरून, चार वाक्यं बोलून. वाक्यं पन पाठ होती माजी. आता ती पन आठवत नाय. आता वाटतं, डबे वेळेत जावेत, आरोहीचं शिक्षन व्हावं, आनि दुपारची ही म्हातारी झोपते ना, तशी मला पन कधी झोप लागावी. बस. त्या हळदीकुंकवाला पन आता बोलावलं तर जायचा कंटाळाच येईल.

म्हनून सांगते, एवढं एक काम करा. आधीच्या पिक्चरमध्ये ते नाव कळत नव्हतं, वरनं वाजंत्री टाकलेली, नुसतं म्हातारीचा हेल ऐकू यायचा. तुमी आवाज साफ केला आनि नाव वर आलं. आता कर्जतच्या हॉलमध्ये आख्खा तालुका ऐकनार, हरेशा रं म्हनून, आनि इकडं ती शाल पांघरून बसनार? परत सगळं नव्यानं? ती वाजंत्री परत टाका तिथं. नाय का जमत? कलेचं नुकसान होतं? बरं. मंग निदान म्हातारीला नेऊ नका. आनि मागून रडनं मिळत नाय दादा, ते तुमच्या त्या साहेबांना पन मिळालं नव्हतं.

पन मला एक सांगा, आमचं घर कसं सापडलं तुमाला? पिक्चरमध्ये तर गावाचं नाव दुसरंच हाय. व्हिडिओत तुमी इचारलंत, हा हरेश कोन, कुनाला ठाऊक असेल तर कळवा — आरोहीनं तर नाय ना कळवलं? नाय? मंग?

कुनी?

त्यानं फोन केला तुमाला. तो स्वतः. ते नाव माजं हाय बोलला. ... रडला? फोनवर? ... हां.

आनि आता कुठं हाय तो?

...

तुमच्या गाडीत. रस्त्यावर, पिंपळाखाली. इतका वेळ? मी हे सगळं बोलत होते तेवढा वेळ तो तिथं बसलाय? पानी तरी दिलंत का त्याला, ऊन केवढं हाय. — एकटाच आलाय? नाय, ती बाई, ती हाय का सोबत? ... गेली सोडून. कवाची? ... नको, नका सांगू. ते मला नको.

ते काय काढताय? ठेवा तो मोबाईल. ठेवा बोलले ना. समजलं मला, आता तुमाला परत हाच चेहरा पायजे, नवरा दारात आल्यावर बाई कशी बघते ते. आनि त्याच्यावर परत बान काढनार. तुमी काय वाईट मानूस नाय, तुमच्या मनात आलं असेल, बिछडलेले भेटतील, चांगलं होईल. मला पन तसलेच पिक्चर आवडतात, मीच तर बोलले. पन इथं नाय दादा. खिशात घाला तो.

आता ऐका. त्याला पाठवा. एकट्याला, तुमी यायचं नाय मागनं. सांगा, आई मधल्या खोलीत झोपलीय, हाक मारू नको, दचकेल, श्वास लागतो तिला. उशाशी बस. जागी झाली की ती आधी भांडेल, भांडू दे. मंग ती काय बारसं-बिरसं करेल, पानी ओतेल, जे करेल ते करून घे, हसू नको. नाव बदलून ठेवलं तर त्या नावाला ओ दे. तिचा मुलगा म्हनून ये, जेव, राहायचं तर पडवीत रहा, म्हातारी असेपर्यंत मी कुनाला काय बोलनार नाय. पन माजा कुनी म्हनून येऊ नको. हे नीट सांगा, शब्द गाळू नका.

आनि त्यानं इचारलं, नम्रता काय बोलली, तर सांगा, ती तुला रडली नाय. सगळ्या रडल्या त्या दिवशी, ती तेवढी रडली नाय. आता पन रडत नाय.

जावा. उन्हात बसलाय तो.